समोरच्या बाईंचं सीलबंद खोकं

कोणी आपणहून मदत करायला आलं, की मी आधी संशय घेते. आजही घेते. आमच्या बर दुबईच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटमध्ये एक अमेरिकन बाई राहायला आल्या, तेव्हा तर हा स्वभाव ऐन भरात होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाई काळ्या, धिप्पाड, कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या. इथे तेव्हा सुट्टी शुक्रवारची, म्हणून दर शुक्रवारी भलीमोठी टोपी घालून चर्चला जायच्या.

लेक तेव्हा बारावी झाली होती आणि तिला फार्मसी करायची होती. इथली कॉलेजं मोजकी आणि महागडी, म्हणून तिला पुण्याला माझ्या भावाकडे ठेवायचं चाललं होतं. ते लेकीने बाईंना लिफ्टमध्ये सांगितलं आणि बाईंनी विषयच हातात घेतला. अमेरिकेत गोऱ्यांच्या कॉलेजांत काळ्या मुलांना पाऊल ठेवू देत नसत, त्या काळात त्यांच्यासाठी म्हणून निघालेली कॉलेजं आहेत. बाई त्यातल्याच एकात शिकल्या होत्या. तिथे आता बाहेरची मुलंही घेतात, म्हणाल्या. मग दर शुक्रवारी चर्चहून आल्या की लेकीला स्वतःच्या टेबलाशी बसवून प्रवेश-अर्जाचा निबंध लिहून घ्यायच्या आणि निम्मा खोडायच्या. प्रवेश मिळाला, फीसुद्धा माफ झाली.

आता कोणीही पेढे वाटले असते. मी मात्र विचार करत बसले, यात यांना काय मिळतं? विमानतळावर न्यायला बाईंची मैत्रीण येणार, सुट्टीत होस्टेल बंद झालं की लेक तिच्याच घरी राहणार. म्हणजे सगळा कारभार बाईंच्या शब्दावर. तो शब्द फिरला, तर माझी एकुलती एक पोर परक्या देशात रस्त्यावर.

"इन्शाल्ला, सगळं नीट होईल," नवरा म्हणाला.

"प्लंबरपण इन्शाल्लाच म्हणतो," मी म्हटलं. "आणि येत नाही."

त्यात एकदा मी बाईंना मीना बाजारात ढीगभर शाली आणि मोजे घेताना पाहिलं. दुबईच्या उन्हात लोकरी मोजे! एकटीला एवढे कशाला? नक्की काहीतरी धंदा आहे, असं मी घरी जाहीर करून टाकलं. शेवटी न राहवून एकदा बाईंनाच विचारलं, की तुम्ही एवढं का करता? त्या म्हणाल्या, "मलाही कोणीतरी असंच पाठवलं होतं." असली गोड उत्तरं माझ्या पचनी पडत नाहीत.

लेक निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, बाई चर्चहून तशाच टोपीसकट आमच्याकडे आल्या. हातात चारी बाजूंनी टेप मारलेलं खोकं.

"तिथल्या मुलांसाठी आहे. हिच्या सामानात जाईल ना?"

गल्फमध्ये राहिलेल्या कुणालाही विचारा. इथून जाणाऱ्याबरोबर सगळेच काही ना काही पाठवतात, पण पार्सल उघडं आणायचं, नेणाऱ्यासमोर एकेक वस्तू काढून दाखवायची आणि मग त्याच्यासमोरच टेप मारायची. भलतंसलतं निघालं तर नेणारा जन्मभर तुरुंगात सडतो. बंद पार्सल आम्ही सख्ख्या भावाचंही घेत नाही.

"मॅडम, प्लीज ओपन करा," मी म्हटलं.

"मम्मी, डोन्ट डू धिस!" लेक ओरडली.

बाईंचा चेहरा बदलला. सावकाश म्हणाल्या, "माझ्या देशात दुकानादुकानांत माझी पर्स उघडायला लावतात. या दारात तसं होईल असं वाटलं नव्हतं."

ही बाई आता मैत्रिणीला फोन करून 'नको जाऊस' म्हणाली, तर संपलंच सगळं. मी घाईघाईने म्हटलं, "मॅडम, इथे आम्ही सगळ्यांचंच बघतो. समरमध्ये तुम्ही अमेरिकेला गेलात, तेव्हा माझ्या मावसबहिणीसाठी लाडू दिले होते. डबा उघडला होता की नाही? एक लाडू फोडून दाखवला होता की नाही?"

बाई थबकल्या. "तो दाखवायला होता? मला वाटलं, खायला दिलात."

"तुम्ही खाल्लातही," लेक म्हणाली.

बाईंनी कात्री मागितली. खोक्यात मीना बाजारातल्या त्या शाली होत्या, मोजे होते, खजूर होते. थंडीच्या सुट्टीत तिथल्या ज्या मुलांना घरी जाता येत नाही, त्यांच्यासाठी. मी आपली खाली मान घालून शालींच्या घड्या घालत राहिले.

"आता हिची बॅग," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं बघता ना?"

नाही कसं म्हणणार? बॅगेत वावगं काहीच नव्हतं. पण लेकीच्या पर्सच्या आतल्या कप्प्यातून कागदाची एक पुडी निघाली.

"हे काय?"

"मिरचीपूड. कुकिंगसाठी," मी म्हटलं.

"मम्मी, यू सेड इट्स फॉर थ्रोइंग," लेक म्हणाली. "इन देअर आइज."

"कोणाच्या?" बाईंनी विचारलं. लेकीला नाही, मला.

मला लाज वाटली आणि लेकीचा रागही आला.

बाईंनी टोपीतून एक लांबलचक पिन ओढून काढली आणि पुडीशेजारी ठेवली. "दुबईला निघाले तेव्हा आईने दिली. म्हणाली, टोपीत असू दे, हाताशी राहील."

"कोणासाठी?"

"समोरच्या दारामागे जे कोणी राहत असेल, त्याच्यासाठी."

मी पुडी उचलून कचऱ्यात टाकायला निघाले, तर बाईंनी माझा हात धरला. "असू दे तिच्याजवळ. मी कुठे पिन टाकलीय?"

दुसऱ्या दिवशी लेक गेली. पोचल्यावर तिचा फोन आला, की आंटींची मैत्रीण न्यायला आली आहे, मोठी टोपी घालून.

"टोपीला पिन आहे का बघ," मी म्हटलं.

"येस, मम्मी. व्हाय?"

काही नाही म्हटलं आणि समोरच्या दारावर टकटक करून बाईंना सांगून आले, की पोचली.