दत्तादादाचा खांदा

आपल्या मंडळाच्या अंकात मी काशीचं लिहिलं, कन्याकुमारीचं लिहिलं, पण गावच्या प्रवासाचं कधी लिहिलं नाही. संपादकांनी दर वर्षी मागितलं आणि दर वर्षी मी काहीतरी सबब सांगितली. खरं कारण एवढंच की गावचं लिहायचं म्हणजे दत्तादादाचं लिहावं लागेल, आणि ते मी कित्येक वर्षं टाळत आलो. यंदा शिमग्याच्या आधी गावी जाऊन आलो. आता टाळण्याइतकं वय उरलेलं नाही.

पहाटे संगमेश्वरला उतरायचं होतं. जाग आली तेव्हा गाडी हातखंब्याला पोचली होती. झोप लागली असं म्हणता आलं असतं. पण संगमेश्वरचा पूल मी किलकिल्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि उठलो नव्हतो.

“कुठं उतरायचं होतं आजोबा?” चहावाल्याने विचारलं.

“संगमेश्वर. देवरूखच्या वर जायचंय.”

“म्हणजे गाडीवाल्याने फुडची सफर फुकट घडवली! बसा. चहा घ्या. देवरूखची एसटी येईल तवा येईल.”

चहा गोड होता आणि पाठ दुखत होती. याच नाक्यावरून कित्येक वर्षांपूर्वी एका शिमग्यात आमची जीप रत्नागिरीकडे वळली होती. मागच्या सीटवर दादा आडवा, त्याचं डोकं माझ्या मांडीवर.

दत्ताराम माझा थोरला चुलतभाऊ. आपल्या वाडीत देवीची पालखी खांद्यावर नाचवतात. तिच्या पुढच्या दांड्याचा मान त्याचा. त्या शिमग्यात त्याचा खांदा सुजला होता, हात वर होईना. मी मुंबईहून नेहमीसारखी औषधांची पिशवी नेली होती. चाकरमान्याने (नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्याने) बाम, खोकल्याचं औषध, गोळ्या न्यायच्या आणि वाडीने पडवीत जमून त्या मागून घ्यायच्या, ही आपली रीतच. त्या पिशवीत माझ्या दाढेच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली एक पट्टी होती. दुखणं आणि सूज उतरवणारी जोराची गोळी. डॉक्टरांनी मला बजावलं होतं: थोडेच दिवस, जेवणानंतर, आणि दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. मी ती दादाला दिली. दादा हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घेतो, हेही मला माहीत होतं.

गोळीने खांदा हलका झाला. दादाने आणखी मागितल्या, मी दिल्या. पालखी घरोघर फिरत होती आणि तो चहावर राहून नाचवत होता. पोटात जळजळतंय म्हणाला, तर मी म्हटलं, जागरणाने होतं. मग सहाणेवर (पालखी विसावते त्या चौथऱ्यावर) त्याला रक्ताची उलटी झाली.

रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “दारू घेतात का? दुखण्याची काही गोळी घेतली होती?” दादा शुद्धीत नव्हता. पट्टी माझ्या खिशात होती. मी म्हटलं, “गोळी नाही.” मग बरोबर आलेल्यांच्या मनात दारूच उरली. दादा पितो, ही गोष्ट त्यांनी गावात पसरवली. दादा वाचला. त्याने आयुष्यात थेंब घेतलेला नाही.

देवरूखहून पुढची गाडी उशिरा मिळाली. वर सडा (कातळाचं पठार) करड्या गवताने वाळून गेला होता. खाली काजूच्या बागा हिरव्या होत्या. फाट्यावर वाडीतलाच एक ओळखीचा भेटला. माझी पिशवी हातात घेत म्हणाला, “दादाकडं काय? आता घेत न्हाय हां तो. सुधारला.”

मी त्याला काही बोललो नाही. चढ होता, दम लागला होता. ही सबबही मी लगेच हाताशी धरली.

वहिनी अंगणातच होत्या. “भावजी! ममईचं पाणी बंद झाला काय, गावची आठवण आली ती?”

“आलो असाच.”

“बरा झाला आलात. वाळून काटकी झालाव नुसती.”

जेवायला ओल्या काजूगरांची आमटी, भात आणि कुळथाची पिठी होती. दादा पाटावर बसू शकला नाही, खुर्चीवर बसला. गुडघे सुजलेले होते. हात धुतल्यावर त्याने हळूच विचारलं, “बाळ्या, ती गोळी आणलास काय रं? पांढरी. त्या शिमग्याला दिली व्हतीस. काय गुण व्हता तिला!”

मी म्हटलं, “दादा, ती तुला चालत नाही.”

“तवा चालली की.”

“तुझ्या हृदयाच्या गोळीबरोबर ती घेतली तर पोटात रक्तस्राव होतो. डॉक्टरांनी तपासून दिली तरच घ्यायची, तीही थोडे दिवस. आपल्या वयात तर जास्तच जपायला हवं. गुडघे डॉक्टरांना दाखव, आणि रोजच्या सगळ्या गोळ्या सोबत ने.”

वहिनींनी उठून गोळ्यांचा डबा पिशवीत घातला आणि पिशवी खुंटीला लावली. दादा माझ्याकडे बघत राहिला.

“तुला कुणी सांगितला ह्या?”

“माझ्या डॉक्टरांनी.”

“कवा?”

“आत्ताच,” मी म्हटलं. “अलीकडे.”

दादा अंगणाकडे बघत म्हणाला, “लोक काय बोलतात ता ठावक हाय मना. बोलू देत. पण देवीलाच माझा खांदा नको झाला, बाळ्या. न्हायतर सहाणेवर, तिच्या म्होरं, कशाला झाला असता? म्हणून मान सोडला मी.”

तोंडाशी आलं होतं. वहिनी सरबत घेऊन आल्या, मी ते प्यायलो. सरबत संपलं तरी बोललो नाही. दुपारच्या गाडीला दादा काठी टेकत बांधापर्यंत आला. वहिनींनी काजूगरांची पुडी दिली.

परतीच्या वाटेवर या खेपेला झोप अजिबात लागली नाही. ती पुडी मांडीवर घेऊन बसलो होतो.

अंक गावी पोचेल तेव्हा वहिनी तो वाचून दाखवतील. दादा, मला हे डॉक्टरांनी अलीकडे सांगितलं नव्हतं. गोळी तुझ्या हातावर ठेवण्याआधी सांगितलं होतं. तू प्यायला नव्हतास. देवीने तुझा खांदा नाकारला नाही. दवाखान्यात खोटं बोललो तो मी, आणि गाव तुला बोलत असताना गप्प बसलो तोही मीच. तुझ्या पडवीत, तुझ्याकडे बघून एवढंच म्हणायचं होतं: दादा, मला माफ कर.