एका वायरचा चार्जर

धम्मरत्नला स्वस्थ बसता येत नाही. मोशीहून चाकणला आम्हा सहा जणांना तो रोज इको गाडीतून कंपनीत पोचवतो, आणि सिग्नल लागला की याची बोटं स्टिअरिंगवर ताशा वाजवायला लागतात. मी त्याच्या शेजारी बसतो, म्हणून सगळा त्रास आधी मला. सारखं फोनकडे बघणार, आवाज मोठा आहे ना तपासणार, मग मला विचारणार, रेंज आहे ना.

कारण माहीत आहे म्हणून मी गप्प बसतो. त्याच्या बायकोच्या, वर्षालीच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. कुणी गेलं, त्याच्या घरच्यांनी किडनी दिली आणि ती जुळली, तर दवाखान्यातून फोन येणार. उचलला नाही तर संधी पुढच्याला. दुसरा नंबर वर्षालीचा दिलाय, पण डायलिसिसच्या दिवशी तिचा फोन पिशवीत पडून असतो. राहिला धम्मरत्नचा. त्याची बॅटरी इतकी कामातून गेलीय की वायर काढली की फोन पाच मिनिटंही तग धरत नाही.

दुकानातले चार्जर गाडीच्या सैल सॉकेटमध्ये टिकेनात. एक खड्डा आला की बाहेर. शेवटी त्याने स्वतःच बनवला. पूर्वी तो गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत होता, ते कामी आलं. फ्यूजबॉक्समधून वायर ओढली, बाराचे पाच व्होल्ट करणारी बोटभर पट्टी साबणाच्या डबीत बसवली आणि डबी डॅशबोर्डला स्क्रूने आवळली. मी म्हटलं, दोन वायरी ठेव, आमचेही फोन चार्ज होतील. त्याने मला उडवून लावलं. दुसरा फोन लावला की पहिल्याचं चार्जिंग मंदावतं म्हणे. ही वायर फक्त वर्षालीची.

चार्जर झाला, पण याची तगमग काही थांबली नाही. एकदा चहा पिताना म्हणाला, "फोन वाजू दे म्हणायचं, म्हंजे कुणाच्या तरी घरात रडारड होऊ दे असंच म्हणतोय की मी."

परवा मंगळवारी वर्षालीचं डायलिसिस होतं. चाकणच्या अलीकडे एक बाइकवाला रस्त्याकडेला पडलेला दिसला. डोक्यातून रक्त येत होतं, लोक व्हिडिओ काढत होते. धम्मरत्नने ब्रेक दाबला. पंचिंगची वेळ टळणार होती, मी चिडलो आणि तसं बोललोही. त्याने ऐकलं नाही. मधल्या सीटवरचे तिघे जागा करून द्यायला उतरले, पोराला तिथे आडवं केलं. गळ्यातल्या कार्डावर नाव होतं ओंकार. तो सारखा आईला सांगा म्हणत होता, पण नंबर आठवेना आणि त्याचा फोन चार्जिंग संपून बंद.

धम्मरत्नने स्वतःच्या फोनकडे बघितलं, वायर उपसली आणि ओंकारच्या फोनला लावली.

"अरे, तुझा बंद पडेल," मी म्हणालो.

"माहीत हाय."

थोड्याच वेळात त्याचा फोन विझला. ओंकारचा मात्र चालू झाला आणि लगेच वाजला. त्याची आईच होती, पोराचा फोन लागत नाही म्हणून सारखी लावत होती. धम्मरत्न तिला म्हणाला, "मावशी, ओंकार माझ्या गाडीत हाय. लागलंय, पण बोलतोय. दवाखान्यात नेतोय." मग वाटभर मागे वळून वळून तो ओंकारला बोलतं ठेवत राहिला, डोळे मिटू देईना. गाडी कुठे धडकते की काय, अशी मला भीतीच वाटायला लागली होती.

डॉक्टर म्हणाले, टाके पडतील, खांदा मोडलाय, पण जिवाला धोका नाही. आम्ही गाडीत परत आलो. धम्मरत्नने आपला फोन वायरीला लावला. फोन बंद असताना दवाखान्यातून कॉल आला असता तर तसा मेसेज पडला असता. आम्ही दोघं त्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो. शिफ्टचं नाव मी काढलं नाही. फोन सुरू झाला, रेंज आली. मेसेज एकही नव्हता.

"न्हाई आला," तो म्हणाला. "आज यायलाच नको होता."

आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. तिकडे वर्षाली मशीनला जोडलेली होती, आणि तिच्यासाठी फोन आला नाही म्हणून तिचा नवरा इथे सुटल्यासारखा रडत होता.