मोतीबाईच्या तलंगा

माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून टाकतो. साठ-एकसष्टच्या सुमारास मी जनावरांना बुळकांडीची लस टोचत ढाणकीकडच्या गावांतून सायकलने हिंडायचो. बैलाला सुई आणि मालकाला शिवी, असं माझं काम चालायचं. लोक हसण्यावारी नेत. मोतीबाईच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही.

मोतीबाई एका बंजारा तांड्यातली विधवा. कोंबड्यांची तिच्याएवढी पारख अख्ख्या तांड्यात कुणाला नव्हती. पिल्लू हातात घेतलं की ते जगणार की जाणार, हे ती सांगायची. तिचा एकुलता मुलगा रूपसिंग राजूरच्या कोळशाच्या खाणीत होता. चल म्हणून तो दर सुटीत मागे लागायचा आणि ती दर वेळी नाही म्हणायची. शेवटी मायलेकांत ठरलं होतं, की जोवर तिला आपल्या कोंबड्या सांभाळता येतात तोवर तिनं तांड्यात राहायचं. ते जमेनासं झालं, की मुकाट्यानं राजूरला यायचं. खाणीजवळच्या एका खोलीत दिवसभर भिंतीला टेकून बसायच्या कल्पनेनंच तिचा जीव घाबरायचा.

तांड्यातल्या कोंबड्या सगळ्या मिळून चरायच्या. भांडणं नकोत म्हणून प्रत्येक घर पिल्लांच्या पायात आपल्या रंगाचा दोरा बांधायचं. शेजारच्या बसंतीबाईचा हिरवा, मोतीबाईचा लाल. मोतीबाई कशिद्याचा पीळदार दोरा घ्यायची, आणि तिची गाठ सुटायचं नाव नाही.

पहिल्यांदा ती माझ्याकडे आली ती एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, काखेत धरून. तलंग एक पाय टेकवतच नव्हती.

"साहेब, हिले काय झालं पाहा बरं. हळद लावली, एरंडीचं तेल लावलं, शेकून पाह्यलं. काईच फरक नाही."

माझ्यापुढे चाळीस बैल ताटकळलेले. पाय टम्म सुजला होता. मी वरवर हात फिरवला आणि म्हणालो, "मुरगळलाय. टोपल्याखाली झाकून ठेव आठ दिवस." तो पाय धुऊन पाहायला मला दोन मिनिटं लागली असती. मी पाहिला नाही.

पंधरा दिवसांनी परत गेलो, तर पाच तलंगा लंगडत होत्या. एक तर नुसती सरपटत होती. रूपसिंग सुटीवर आला होता, अंगणात बाजेवर बसला होता. बसंतीबाई आणि आणखी दोघी-तिघी गंमत पाहायला जमलेल्या. मोतीबाईनं पाचही तलंगा माझ्यापुढे मांडल्या.

"काय करू साहेब? मले काईच समजून नाही राह्यलं." एवढी जाणकार बाई, आणि मला विचारत होती.

मी एकीचा पाय कोमट पाण्यात धुतला. खपली निघाली. सुजेच्या मधोमध खाच, आणि खाचेत दोरा. पिल्लू असताना बांधलेला. पाय वाढला, दोरा तेवढाच राहिला आणि मांसात रुतला. बाकीच्या बायका पिल्लू वाढेल तसा जुना दोरा कापून नवा सैल बांधत. मोतीबाईही इतकी वर्षं तेच करत आली होती.

"अगं, दिसत नाही का तुला?" मी ओरडलो. "स्वतः बांधलेला दोरा पाय कापतोय! आंधळी आहेस का?"

मोतीबाई मान खाली घालून बसली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

रूपसिंग उठला. मी चिमट्यानं ओढून काढलेला दोरा त्यानं तळहातावर घेतला आणि आईपुढे धरला.

"याडी, हा कोन्त्या रंगाचा हाय?"

"लाल," ती लगेच म्हणाली. "आपलाच त हाय."

दोरा रक्ता-पुवानं डांबरासारखा काळा पडला होता.

"कधीपासून दिसत नाही तुले?"

"दिसते ना. जरासं धूर धूर दिसते. कोंबडी त मले आवाजावरूनच समजते."

रूपसिंग रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बसंतीबाईला विचारलं, "काकी, ह्या कोंबड्या तुमी ठेवसान काय?"

मी बाकीचे दोरे काढले, जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. मान वर करून बघायची हिंमत नव्हती. पुढे दोन तलंगांचे पंजे गळून पडले. उरलेल्या तिघी बसंतीबाईच्या अंगणात लंगडत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी मोतीबाई मला फाट्यावर दिसली. गाठोडं मांडीवर घेऊन मोटारीची वाट पाहत होती. रूपसिंग पाणी आणायला गेला होता. मी सायकलवरून उतरलो आणि "मोतीबाई" म्हणालो.

"साहेब," ती माझ्या आवाजाच्या दिशेनं वळून म्हणाली, "हे हळूच माह्या कानात सांगाचं होतं न. पोराची सुटी दोनच दिवसाची राह्यली होती."