केसाएवढी रेघ

माझ्या धाकट्या दिरांना घरात सगळे कलाकार म्हणतात. सुरुवात त्यांनी स्वतःच केली होती. छापखान्यात ते लग्नपत्रिका जुळवतात, पण कुणी विचारलं तर "मी अक्षरांत काम करतो" असं सांगतात.

वीस वर्षं त्यांचा अक्षरांच्या एकाच वळणावर जीव जडलेला आहे. उभी रेघ जाड, आडवी केसाएवढी बारीक, टोकाला सुरीने कापल्यासारखा सपाट पाय. फॅशनच्या मासिकावर, अत्तराच्या खोक्यावर ते शोभतं, हे मलाही कबूल आहे. पण भावजींनी ते दारावरच्या पाटीला लावलं, जिन्यातल्या सूचनेला लावलं, सासरे गेले तेव्हा त्यांच्या तेराव्याच्या कार्डालाही लावलं. वाचणाऱ्याला वाटावं, सासरे वारले नसून बाजारात नवीन आले आहेत.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या जाऊबाईंनी, भेगाळलेल्या टाचांसाठी मलम करायला घेतलं. सहा महिने पातेली जाळली, तेव्हा कुठे कोपऱ्यावरचा औषधवाला शंभर डब्या फळीवर ठेवायला तयार झाला. लेबल अर्थातच घरच्या कलाकाराचं.

भावजींनी ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर ताटाएवढं करून आम्हाला दाखवलं. गडद हिरव्यावर पांढरी अक्षरं. "ही रेघ बघा वहिनी, नुसती नाचतेय!"

"डबीएवढं छापून बघू या का एकदा?" जाऊबाईंनी विचारलं.

"तू मलम ढवळ."

डबीएवढं छापल्यावर बारीक रेघा हिरव्या शाईत बुडाल्या. उरल्या त्या कुंपणासारख्या नुसत्या उभ्या काड्या. डब्या तशाच दुकानात गेल्या. आठवड्याने औषधवाला खोकं घेऊन दारात उभा.

"ताई, एका आजींनी हे हिरड्यांना लावलं. लिहिलंय काय ते मलाच वाचता येईना, त्यांना काय सांगू? सोमवारपर्यंत नीट करून द्या, नाहीतर फळीवरची जागा दुसऱ्याला देतो."

तो गेल्यावर भावजी म्हणाले, "लोकांची नजरच तयार नाही."

"आजी ऐंशीच्या आहेत," जाऊबाई म्हणाल्या. "आता कधी तयार होणार त्यांची नजर?"

त्यांनी पांढरा कागद काढला, जाड काळं पेन काढलं आणि ठसठशीत अक्षरांत लिहायला बसल्या. मी कापत होते, चिकटवत होते. भावजी दोनदा डोकावले. "दोन अक्षरांतलं अंतर सारखं नाही," एवढंच बोलले. डिंकाच्या बाटलीला हात लावला नाही.

सोमवारी डब्या फळीवर गेल्या. महिन्याभराने औषधवाल्याने दोनशे मागितल्या.

भावजींनी आपलं लेबल काही वाया जाऊ दिलं नाही. हातभर मोठं करून, चौकट करून बैठकीच्या खोलीत टांगलं. तेवढं मोठं असलं की अगदी स्वयंपाकघरातूनही लख्ख वाचता येतं: 'फक्त टाचांना लावावे. पोटात घेऊ नये.'

आलेला पाहुणा आधी ते वाचतो, आणि मग हातातल्या चहाच्या कपाकडे बघतो.