पडद्यावरची यादी आणि बहिणीची पाखाडी

"काका, वरची यादी ठेवू की काढू?" असे मला ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रत्नागिरीतील एका टंकलेखनाच्या दुकानात विचारण्यात आले. त्या वेळी दिलेले उत्तर योग्य होते की अयोग्य, याचा निवाडा मला अद्याप करता आलेला नाही.

लांज्याजवळच्या गावी माझी थोरली विधवा बहीण राहत असे. तिच्या घरापासून विहिरीकडे उतरणारी चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, म्हणजे पाखाडी, शेजाऱ्याने गडगा, म्हणजे दगडांचा बांध, घालून अडवली होती. त्याला लिहिलेली माझी सहा पत्रे अनुत्तरित राहिली होती. गडग्याविरुद्ध कचेरीत हरकत दाखल करण्याचा तो शेवटचा दिवस. कचेरी पाचला बंद होणार. बहिणीला कचेरीच्या बाकावर बसवून मी संतप्त मनःस्थितीत दुकानात शिरलो, तर टाइपरायटरच्या जागी संगणक.

यादी म्हणजे पडद्याच्या वरच्या भागात मांडलेली आज्ञांची सूची. ती काढली तरी त्याच आज्ञा बटणांनी देता येत. मात्र त्या पाठ असाव्या लागत. संगणक चालवणाऱ्या बाईंना त्या पाठ होत्या.

"म्हणजे माझ्या मजकुरावर कोणते अधिकार चालतात, ते फक्त तुम्हाला ठाऊक?"

"बोटांना ठाऊक, काका. मला विचाराल तर सांगता यायचं नाही."

हे उत्तर मला सर्वथा बेकायदेशीर वाटले. मी तत्क्षणी लेखी सूचना दिली: 'यादी ठेवावी; तिच्यात न दिसणारी कोणतीही आज्ञा अर्जदाराच्या मजकुरावर वापरू नये.' खाली सही केली. बाईंनी तो कागद निमूटपणे पडद्याच्या कडेला चिकटवला.

यादीने निम्मा पडदा व्यापला. खाली माझा अर्ज आठ-दहा ओळींपुरता उरला. चौथा परिच्छेद सांगेपर्यंत दुसरा दिसेनासा झाला. वहिवाट किती वर्षांची, हे लिहिले की राहिले?

"खोडलंत तुम्ही!"

"खोडलं नाय हो, वर गेलंय."

"मला दिसत नाही, त्याअर्थी ते नाही!"

तो परिच्छेद मी रागाच्या भरात पुन्हा सांगितला. छापून निघालेल्या कागदावर वहिवाट दोनदा आली होती: एकदा तीस वर्षांची, एकदा चाळीस. प्रतिपक्षाच्या वकिलाला एवढेच पुरले असते.

मी बाकाकडे धावलो. "पाखाडी किती वर्षांची?"

"मी लग्न होऊन आले तेव्हाही होती," बहीण म्हणाली. "वर्षं तू मोज. शिकलेला तूच ना?"

बेचाळीस भरली. म्हणजे माझी दोन्ही विधाने चूक. परतलो तेव्हा पाचाला वीस मिनिटे होती.

"यादी काढू?" बाईंनी विचारले. "दोन्ही परिच्छेद एकदम दिसतील. तिच्यात शोधत बसलो तर इथेच पाच वाजतील."

मी चिकटवलेल्या कागदावर लिहिले, 'वरील सूचना मागे घेत आहे,' आणि सही केली.

"तोंडी सांगितलंत तरी चाललं असतं, काका."

यादी गेली आणि माझा जवळजवळ संपूर्ण अर्ज समोर उभा राहिला. जे मी पारदर्शकतेसाठी ठेवायला लावले, त्यानेच माझा मजकूर झाकला होता. हे उमगते न उमगते तोच बाईंची बोटे चार-पाच वेळा हलली. एक परिच्छेद नाहीसा झाला, दुसऱ्यात बेचाळीस उमटले.

"काय केलंत?"

"झालं."

"पण कोणत्या आज्ञेने?"

"सही करा, काका. कचेरी बंद होतेय."

मी कागद दोनदा वाचला. मजकूर बिनचूक होता. तो तसा कसा झाला, हे मला सांगता आले नसते. सही केली. पाचाला सात मिनिटे असताना कारकुनाने शिक्का मारला.

"वेळेत गेला ना कागद?" बहिणीने विचारले.

"गेला."

"मग उद्या मी पाखाडीने उतरू?"

"निकाल लागेपर्यंत गडग्याला हात लावता येणार नाही."

"म्हणजे पाणी लांबूनच," ती म्हणाली आणि पदर सावरून उठली. तिला देण्याजोगे एकही कलम मला आठवेना.