रेघेपलीकडची काडी

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी झडतीबाई भिंतीला पालीसारखी चिकटली होती. एका हातात भिंग, दुसऱ्यात पेन्सिल, गुडघ्याखाली दुमडलेलं पोतं. समोर छातीएवढी कच्च्या विटांची भिंत, हजारो वर्षं जमिनीत गाडलेली आणि आता उत्खननात उघडी पडलेली. तिची एकेक वीट मापात कागदावर उतरवायची, हे झडतीबाईचं काम.

काम घाईचं होतं. या भिंतीखाली आणखी जुनी खोली असावी असा मोठ्या बाईंचा, म्हणजे उत्खननाच्या प्रमुखांचा, अंदाज होता. त्यामुळे उद्या ही भिंत काढून टाकायची होती. मग उरणार तो फक्त कागद. त्यावर वीट चुकली तर ती कायमची चुकली.

झडतीबाई हे नाव मजुरांनी ठेवलेलं. डब्याचं झाकण सैल दिसलं तरी ती चौघांची उलटतपासणी घ्यायची. नवरा म्हणायचा, "हिला स्वप्नातही साक्षीदार लागतात."

आज तिचा संशय भिंतीवरच होता. भिंत फारच गुणी वागत होती.

मातीत मातीची वीट ओळखणं अवघड. वीट तपकिरी, सांध्यातली माती जराशी राखाडी, आणि ऊन चढलं की दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून सकाळच्या ओलाव्यात पाहायचं आणि दिसलेल्या सांध्यांवरून थापीच्या टोकाने बारीक रेघ ओढून ठेवायची, अशी इथली पद्धत. रेघा ओढलेल्या होत्या. पण सगळ्या विटा एकाच मापाच्या निघाल्या होत्या. हाताने थापलेल्या विटा इतक्या शिस्तीच्या नसतात. आणि अर्धी भिंत तिने काल संध्याकाळी याच रेघांवरून कागदावर उतरवूनही टाकली होती.

मग भिंगाखाली काडी आली. विटेच्या मातीत कालवलेली काडी केव्हाच कुजते, ठसा राहतो. हा ठसा रेघेच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे गेला होता. एक काडी दोन विटांत असू शकत नाही. म्हणजे वीट एकच, आणि रेघ खोटी.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ती पुटपुटली.

या भिंतीवर थापी चालवणारा एकच माणूस होता, तिचा धाकटा दीर. दिराची बायको गेल्या हंगामापासून रेखाटन शिकत होती, आणि चित्रं काढणाऱ्याची जागा तर एकच. झडतीबाईच्या डोक्यात सगळं खटाखट जुळलं: खोट्या रेघा, चुकलेलं चित्र, मोठ्या बाईंची बोलणी, पेन्सिल जावेच्या हातात. परवा जावेने आपण होऊन सगळी भांडी घासली, तेही आता तिला सरळ वाटेना.

तेवढ्यात दीर पाठीवर पाण्याचा फवारणी पंप अडकवून शिडीने खड्ड्यात उतरला.

"भाऊजी, या रेघा कधी ओढल्या?"

"झाली का झडती सुरू? काल दुपारी."

"दुपारी? सुकलेल्या भिंतीवर? सांधे दिसले तुम्हाला?"

"थोडे दिसले. थोडे अंदाजाने."

"ही काडी बघा आणि मग सांगा, अंदाज की कावा. कुणासाठी चाललंय हे?"

दिराने काडी पाहिली. त्याचा चेहरा उतरला.

"तुमच्यासाठी, वहिनी. परवा कोपऱ्यातले सांधे तुम्ही चित्रात गाळलेत. भिंत ओली होती, मला लांबून दिसत होते. म्हटलं, ठळक रेघा असल्या की तुमचं निभेल. सकाळी ओढायच्या तर तुम्ही इथेच असता, लगेच कारण विचारलं असतंत."

"फार उपकार झाले. आणि हे तुमच्या बायकोला ठाऊक आहे?"

"तिनेच सांगितलं. धान्यात खडे राहतात म्हणाली, तुम्ही निवडलेल्या."

हे बोलणं झडतीबाईने उलटसुलट करून पाहिलं. खरं असेल तर दीर भला माणूस. खोटं असेल तर भलताच पोहोचलेला.

"पाणी मारा. आणि खरा सांधा कुठे आहे, बोट ठेवा."

त्याने भिंत भिजवून बोट ठेवलं. तिला तिथे नुसता तपकिरी चिखल दिसला. हा काहीही दाखवत असेल, असंही मनात आलं. तिने त्याचं बोट बाजूला सारलं आणि नख लावलं. विटेवर नख अडलं. जरा सरकवलं तसं ते मऊ मातीत रुतलं, आणि पुढे पुन्हा अडलं. सांधा होता. तिला दिसत नव्हता.

ती गप्प राहिली असती तर उद्या भिंत गेली असती, तिच्याबरोबर काडीही. दीर काही बोलला नसता. झडतीबाई शिडी चढून थेट मोठ्या बाईंच्या टेबलापाशी गेली.

"भिंत उद्या काढू नका. माझं चित्र चुकलंय."

"रेघांवरून काढलंय ना?"

"रेघाच चुकल्यात. भाऊजींनी ओढल्या, मला दिसत नाही म्हणून."

"कधीपासून दिसत नाही?"

"मला आज कळलं. घरात आधीच कळलेलं दिसतंय."

मोठ्या बाईंनी भिंत काढणं थांबवलं, दिराला चार शब्द सुनावले आणि तिला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला लावली. चित्र कोण काढणार, हे विचारावं लागलं नाही.

संध्याकाळी जावेने पेन्सिली पुढे केल्या. "जाऊबाई, यातली कुठली घेऊ?"

"टोकं आधीच काढून ठेवलेली दिसतायत."

"बोथट आणल्या असत्या तर त्यावरही बोलला असतात."

उद्या साडेसहाला दीर भिंतीचा पापुद्रा तासून खोट्या रेघा घालवेल. जाऊ चित्र काढेल, पण झडतीबाईने नख लावून पाहिल्याशिवाय एकही सांधा कागदावर जाणार नाही. डॉक्टरांची वेळ साडेअकराची आहे.