टेबलावर राहिलेली डिस्क

भुताखेतांच्या बातम्या मी उपसंपादक म्हणून कायम कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. आजही टाकीन. त्यामुळे इथे फक्त घडलं ते सांगतो... अर्थ लावत नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांगलीत एका दैनिकात होतो. कार्यालय एसटी स्टँडमागच्या गल्लीत. खाली छपाई, वर संपादकीय विभाग, आणि काचेच्या खोलीत सर्व्हर. त्यात तीन हार्ड डिस्क ‘रेड’ पद्धतीने जोडलेल्या होत्या. म्हणजे मजकूर तिन्हींवर असा विभागलेला, की एक बंद पडली तरी उरलेल्या दोन्हींवरून सगळं मिळतं. दोन गेल्या, तर काहीच मिळत नाही.

आमच्या दिवाळी अंकाची सगळी पानं त्यावरच होती. बॅकअपचा टेप ड्राइव्ह पुण्याला दुरुस्तीला गेलेला, त्यामुळे दुसरी प्रत कुठेच नव्हती. सर्व्हर सांभाळायचा शकील, तासगावचा, तात्पुरत्या नेमणुकीवर. त्याला कायम करायचं की नाही, ते अंक निघाल्यावर ठरणार होतं.

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा. छपाईचे तात्या हळद-कुंकू घेऊन वर आले.

“आमी रोलर न् रोलर काढून पुसलाय. तुज्या डब्याचं नुसतं तोंड पुसून भागतंय व्हय रं?”

“तात्या, आतलं नाजूक हाय.”

“मग तर पुसाय पायजेच की.”

शकील हसला. सर्व्हर बंद करून त्याने तिन्ही डिस्क काढल्या, पुसल्या, टेबलावर मांडल्या. कुंकू, झेंडू झाला. तात्यांनी नारळ फोडला आणि नेहमीच्या सवयीने त्याचं पाणी सगळीकडे शिंपडलं.

दुपारी सर्व्हर सुरू केला. पडद्यावर आलं : एक डिस्क निकामी, दोन ठीक. शकील पडद्याजवळ वाकला.

“नारळाचं पाणी गेलं वाटतं सर. आता आनी एक गेली तर माझं संपलंच.”

त्याने लगेच पानं नेटवर्कवरून माझ्या कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली. मी एकेक उघडून पाहत होतो. कथा, चित्रं, जाहिराती... सगळं जागच्या जागी. शेवटचं पान आलं तेव्हा तात्या पूजा आवरायला आले. फुलं गोळा करता करता थांबले.

“आवं सायेब, ह्यो एक डबा हितंच ऱ्हायला की.”

झेंडूखाली एक डिस्क होती.

शकीलने सर्व्हरचं दार उघडलं. तिसरा कप्पा रिकामा होता. आत दोनच डिस्क, त्यांतली एक जळलेली. म्हणजे सगळा अंक एकाच डिस्कवरून आला होता. त्याने सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. या वेळी काहीही दिसलं नाही.

सर्व्हरच्या कंपनीच्या इंजिनिअरने नंतर सगळं तपासलं. “एका डिस्कवर हे होऊच शकत नाही,” म्हणाला. आमची मोजण्यात चूक झाली असणार, असंही म्हणाला. मी तीच शक्यता धरून बरीच वर्षं विचार केला. पण कप्पा रिकामा होता, हे तिघांनी पाहिलं होतं. स्पष्टीकरण अजून मिळालेलं नाही.

अंक वेळेवर निघाला. संपादकांनी सगळ्यांसमोर शकीलला कायम केल्याचं सांगितलं आणि विचारलं, “कसं जमवलंस रे?”

“मी काय न्हाई केलं, साहेब,” शकील म्हणाला.

हा त्याचा विनय समजून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं, आणि आम्हीही वाजवल्या.